पिवळे टी-शर्ट

"महालक्ष्म्या घरात हायेत तवर गोदामाचं शटर वर करायचं नाही, शोभा. लक्ष्मी येऊन बसली न् आपण तिच्याच समोरून माल बाहेर काढून राहिलो, हे बरं दिसत नाही. मी नसली तरी पाळजो."

मनकर्णाबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण सोळा भाज्या चिरायला बसलं की शोभाताईंना सासूबाईंचा आवाज हमखास ऐकू यायचा. जणू त्या मागेच पाटावर बसल्या आहेत आणि पडवळाच्या फोडी जाड झाल्या की टोकणार आहेत. आजही ऐकू आला. पण आज त्या आवाजाचं ओझं वाटलं.

बाहेरच्या खोलीत ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या होत्या. काल संध्याकाळी त्यांना वाजतगाजत आत आणलं होतं, हिरव्या आणि डाळिंबी शालू नेसवले होते, डोक्यावर फुलोरा टांगला होता. आज जेवणाचा दिवस. पुरण शिजलं होतं, आंबील निवायला ठेवली होती. दरवर्षी या वेळी दत्तवाडीच्या या घरात दोन्ही जावांच्या हसण्याने भांडी वाजायची. आज कामिनी ओट्यापाशी पाठ करून उभी होती आणि एकच पातेलं पुन्हापुन्हा पुसत होती.

दोन दिवस झाले, तिच्या मुलाचा, हर्षितचा फोन लागत नव्हता.

"वैनी." धाकटे दीर, कामिनीचे यजमान रुपराव दारात येऊन थांबले. सोवळ्यात नव्हते म्हणून उंबऱ्याच्या बाहेरच. "ट्रक कालपासून गोदामासमोर उभा हाय. आज संध्याकाळपर्यंत माल डेपोत नाही गेला तर जहाज चुकते. आजचा दिवस तेवढं…"

"उद्या विसर्जन होऊ द्या भाऊजी. मग रात्री का होईना, काढा."

"रात्री काढून काय फायदा? जहाज का आपल्या महालक्ष्म्यांसाठी थांबून राहणार हाय?"

 शोभाताईंनी भोपळ्याची फोड विळीवर ठेवली आणि तशीच धरून बसल्या.

वाडीतलं ते गोदाम या घराचं पोट होतं. झेंडे, दुपट्टे, टोप्या, टी-शर्ट. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत निवडणूक कुठलीही असो, माल शोभाताईंचे यजमान मारोतराव आणि धाकटे रुपराव या दोघा भावांच्या गोदामातून जायचा. एका टेबलावर एका पक्षाचे दुपट्टे, बाजूच्याच टेबलावर दुसऱ्याचे. दोन्हीकडचे कार्यकर्ते एकाच बाकावर बसून चहा प्यायचे आणि बाहेर पडले की एकमेकांना शिव्या द्यायचे. मारोतराव म्हणायचे, "आपल्याले काय करायचं? कपड्याले मत नसते."

उन्हाळ्यात रुपरावांच्या हर्षितने समुद्रापलीकडची ऑर्डर आणली. कासोरा नावाचा आफ्रिकेतला देश, तिथे दिवाळीनंतर निवडणूक. घेणारी कंपनी परदेशी, तिची कासोऱ्यात मँगनीजची खाण, ऑफिस दुबईला. हर्षित वाटपाचं काम बघायला स्वतःच तिकडे गेला. जाताना कामिनीने त्याच्या बॅगेत इतका चिवडा भरला की विमानतळावर वजनाची भांडणं झाली.

रुपराव अजून दारातच होते. आवाज खाली करून म्हणाले, "सकाळी दुबईच्या मॅनेजरचा फोन आलता."

कामिनीच्या हातातलं फडकं थांबलं. "काय म्हणाला?"

"म्हणे, आपका लड़का हमारे पास सेफ है. माल निकल जाए, फिर उसको भी छुट्टी दे देंगे."

"म्हणजे?" कामिनी वळली. "छुट्टी देंगे म्हणजे काय वं ताई? त्यानं काय पोराले बांधून ठेवलं?"

"अवं, तसं नसन…"

"मग फोन काहून देत नाही त्याच्या हाती?"

 कामिनी शोभाताईंच्या समोर येऊन उभी राहिली. लग्न होऊन आली तेव्हापासून ती या जावेच्या शब्दाबाहेर गेली नव्हती. भाजीत मीठ किती, यासाठीसुद्धा ती शोभाताईंच्या तोंडाकडे बघायची.

"ताई, तुमचं पाळणं मोठं, का माझं लेकरू?"

विळीवरची फोड खाली पडली. शोभाताईंना वाटलं, हे वाक्य आपण कधीतरी ऐकणारच होतो. त्या उठल्या, हात धुतले, बाहेरच्या खोलीत गेल्या आणि दोन्ही मुखवट्यांपुढे हात जोडून थोडा वेळ उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा डोळे ओले होते, पण आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

"काढा ट्रक, भाऊजी. आईंले काय सांगायचं ते मी सांगीन."

*

मारोतराव गोदामाकडे निघाले तेव्हा त्यांची मुलगी हिमानी स्कूटीची किल्ली घेऊन मागोमाग आली. माल भरताना गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लावायचं काम तिचं. कासोऱ्याच्या हिरव्या झेंड्यावरचं धान्याचं कणीस तिनेच कॉम्प्युटरवर काढलं होतं, आणि कंपनीने ते पहिल्या खेपेलाच पसंत केलं म्हणून महिनाभर मिरवलं होतं.

वाडीच्या रस्त्यावर सणाचं काही चिन्ह नव्हतं. ट्रकमागे ट्रक, धूळ, हॉर्न. गोदामासमोर ड्रायव्हर पिंटू टायरला टेकून सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होता.

"काय गा मालक, तुमच्या देवीनं परमिशन देली का?"

"देली. तू आधी तोंडातलं थुंक. मालावर डाग नको पाडू."

शटर वर गेलं. आतल्या कोंदट हवेत नव्या कापडाचा वास होता. हिमानी गठ्ठे मोजत आत सरकली. हिरवे झेंडे, हिरव्या टोप्या, हिरवे टी-शर्ट. भिंतीशी वेगळी ठेवलेली पिवळी गठडी तिने पहिल्यांदाच पाहिली. एक टी-शर्ट ओढून काढला. बोटांना तो विचित्र लागला. नव्या मालाला खळ असते, तो कडक असतो. हा मऊ होता, गळ्यापाशी सैल पडलेला, रंग विटका.

"बाबा, हे रिजेक्शन आहे का?"

"नाही. ऑर्डरच तशी होती. त्यांनी सांगितलं, पिवळे शिवल्यावर धुवा. रंग उतरेपर्यंत धुवा. कोराडी रोडच्या लॉन्ड्रीतून काढून आणले."

"काहून?"

"मले काय माहीत काहून? नरम पाहिजे असतीन. गरम देश आहे."

"मग हिरवे नाही धुतले?"

मारोतराव चिठ्ठ्यांचं बंडल शोधत होते. "हिरव्याचं नाही सांगितलं."

हिमानीने टी-शर्ट उलटा केला, सुलटा केला. छातीवर सूर्याचं चिन्ह, तेही फिकट झालेलं. "पिवळे कोणाचे आहेत?"

"तिकडे सरकार आहे ना, त्यांच्या पक्षाचे. हिरवे विरोधातले."

"आणि दोन्ही एकाच कंपनीनं मागवले."

"मग? आपणही दोघांचं शिवतो. मागच्या नगरपालिकेले तर चौघांचं…"

"शिवतो, बाबा. पण घेणारे वेगवेगळे येतात. इथे घेणारा एकच आहे." ती बोलता बोलता हळू झाली. "प्रचाराचा टी-शर्ट कोणी जुना करून मागते का? ज्याले दाखवायचं आहे की हा माणूस लय दिवसापासून याच पक्षाचा आहे, तोच मागन. नव्या कपड्यातला माणूस भाड्याचा वाटते."

मारोतरावांनी हातातलं बंडल खाली ठेवलं.

हर्षित मागे एकदा फोनवर बोलला होता ते त्यांना आता आठवलं. तिथल्या सरकारने कंपनीची खाण काढून घेतली होती. मनसरकडच्या खाणीसारखीच, पण डोंगरच्या डोंगर. "मोठे बाबा, हिरवे निवडून आले की खाण परत कंपनीची. म्हणून तर ते हिरव्यांवर एवढा पैसा लावून राहिले." तेव्हा मारोतराव हसले होते. पैसा लावणारे सगळीकडे असतात, त्यात काय? पण हिरव्यांसाठी पैसा लावणारा पिवळे कपडे कशाले घेईन, हा प्रश्न त्यांच्या मनाला शिवलाच नव्हता. आयुष्यभर दोन्ही टेबलांवर कापड बघून बघून त्यांची नजर मेली होती.

"पिवळे घालून काही वाईट करायचं असन," ते म्हणाले. "आणि नाव सरकारवर ढकलायचं."

"हो."

"परक्या देशातली कंपनी. तिसऱ्याच देशात बसून." त्यांनी पिवळ्या गठडीवर हात ठेवला. "आणि धुतले कोणी? आपण."

बाहेर पिंटूने हॉर्न दिला. हिमानीने बापाकडे पाहिलं. तिला जे म्हणायचं होतं ते तिच्याच्याने म्हणवेना, कारण हर्षित तिचा भाऊ होता. राखी बांधायला दुसरा नव्हता.

मारोतराव शटरची दांडी धरून उभे होते. माल गेला तर तिकडे कुणाचं काय होईल माहीत नाही. नाही गेला तर हर्षितचं काय होईल, तेही माहीत नाही. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि दुबईला लावला. आवाजात नेहमीचा खुशमिजाजपणा आणला.

"हां साहब, नमस्ते. माल रेडी है, एकदम फर्स्ट क्लास. बस, घर में महालक्ष्मी बैठी है. हमारे यहाँ इस टाइम गोदाम से धागा भी नहीं निकलता. माँ के ज़माने से है… नहीं साहब, मैं तो मानता नहीं, पर घर की औरतें सुनती नहीं… हां, अगला जहाज. बच्चे को बोलना, बड़े पापा ने याद किया."

फोन ठेवून त्यांनी शटर खाली ओढलं.

"पिंटू, घरी जाय बाबू. देवीनं परमिशन वापस घेतली."

*

कामिनीने पानं वाढली. पुरणपोळी, कढी, भजी, सोळा भाज्यांची एक मोठी वाटी. ती हाताने वाढत होती आणि कान रस्त्याकडे होते. डेपोतून पावती आली की रुपराव दुबईला कळवणार होते.

मारोतराव आत आले ते थेट तिच्यासमोर. मोठे दीर असे कधी समोर येऊन उभे राहत नसत. तिने पदर सारखा केला.

"कामिनी, मी ट्रक पाठवला नाही."

रुपराव ताटावरून उठलेच. "दादा, डोकं गिकं फिरलं का तुमचं?"

मारोतरावांनी सगळं सांगितलं. धुतलेले टी-शर्ट, एकच घेणारा, खाण. मध्येच हिमानीने दोन वाक्यं जोडली. बोलणं संपलं तरी कामिनी वाढणं हातात धरून उभीच होती.

"माझ्या पोराच्या जिवाचं तुम्ही एकट्यानं ठरवलं, भाऊजी?"

"हो," मारोतराव म्हणाले. "चुकलो असन. पण तो माल उतरवायले तिकडे हर्षितच असता. कपडे वाटणारा तोच दिसला असता साऱ्यांले."

ही गोष्ट कामिनीच्या मनात आली नव्हती. ती भिंतीला टेकली. शोभाताई उठून तिच्याजवळ गेल्या. हात धरू का नको, अशा थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग धरला. कामिनीने सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही. रुपराव म्हणत होते, "तुम्ही साऱ्यांनी मिळून माझ्या पोराले…" आणि पुढचं बोलता न आल्याने पुन्हा तेच म्हणत होते.

त्याच वेळी हिमानीचा फोन वाजला. अनोळखी, लांबलचक नंबर.

"हिमू? आवाज येऊन राहिला का?"

हिमानीने किंकाळी मारली. फोन तिच्या हातातून कामिनीकडे कसा गेला ते कुणालाच कळलं नाही.

"बाळा! कुठं हायेस तू?"

"आई, मी ठीक आहे. बाजूच्या देशात आलो. आपल्या वकिलातीत बसलो आहे, पंख्याखाली. कोणी काही केलं नाही. फोन घेतला होता आणि गेटवर माणूस बसवला होता, बस."

"जेवला का?"

"आई, मी बॉर्डर पार करून आलो न् तू…"

"जेवला का ते सांग!"

"जेवलो. बिर्याणी होती."

"आज? महालक्ष्मीच्या दिवशी?"

आणि एवढा वेळ कोंडलेलं सगळं घर हसलं. रुपराव हसता हसता खालीच बसले आणि धोतराच्या सोग्यात तोंड लपवून रडायला लागले. हिमानी आईच्या गळ्यात पडली. शोभाताईंच्या ओठांत नाम होतं, ते हुंदक्यात मोडत होतं, पुन्हा जुळत होतं. कामिनीने फोन कानाला धरूनच दुसऱ्या हाताने जावेचा हात घट्ट पकडला. आता इतका घट्ट, की बांगड्या रुतल्या.

"आला कसा गा तू?" मारोतरावांनी फोन स्पीकरवर टाकायला लावला.

"आमाबाई म्हणून आहेत, मोठे बाबा. गेस्ट हाउसमध्ये स्वयंपाक करायच्या. आठवडी बाजाराच्या गाडीत, कांद्याच्या पोत्यांमागे घातलं मले. नदीपर्यंत स्वतः आल्या. माल… माल निघाला का?"

"नाही. शटर बंद आहे."

पलीकडे एवढा मोठा श्वास सुटला की स्पीकर खरखरला. "वाचलो. मी रस्ताभर तेच म्हणून राहिलो होतो. पिवळे टी-शर्ट घातलेली भाड्याची माणसं मतदानाच्या दिवशी केंद्रं जाळणार होती. मी विचारलं, हे पिवळे कोणाले वाटायचे, तेव्हापासून गेटवर माणूस बसला. बाकीचं आमाबाईंनी सांगितलं. त्यांचा मुलगा मास्तर आहे. त्याची ड्युटी केंद्रावरच लागली आहे."

 शोभाताईंना भाची श्वेता आठवली; ती काटोलला शिक्षिका होती. मागच्या निवडणुकीत मतदान यंत्रासोबत शाळेत रात्रभर बसली होती, तेव्हा याच घरातून डबा गेला होता.

"आता कंपनी दुसऱ्याकडून शिवून घेईन," हर्षित म्हणाला. "वेळ आहे अजून त्यांच्याकडे. आमाबाईंनी पैसे घेतले नाहीत, काहीच घेतलं नाही. एकच म्हणाल्या, ज्यानं शिवले त्यानं शपथेवर सांगावं की दोन्ही रंगाचे कपडे एकाच कंपनीनं बनवून घेतले. तिथल्या निवडणूकवाल्यांसमोर ठेवतीन. माझं एकट्याचं कोणी ऐकणार नाही, मी तर पळून आलेला माणूस. मी हो म्हणून आलो, मोठे बाबा. तुम्हाले न विचारता."

मारोतराव फोनवर वाकले. "हो म्हणाला ना? मग झालं. मी करतो."

*

संध्याकाळी जेवणं आटोपली. शेजारणी हळदीकुंकवाला येऊन गेल्या. दोघे भाऊ बाहेरच्या ओट्यावर बसले.

"दादा, पोरगं सुटलं. आता कशाले पाय टाकता त्याच्यात?" रुपराव म्हणाले. "तुम्ही शपथेवर लिहून देसान की आम्ही असा माल बनवला. उद्या इथले पक्षवाले म्हणतीन, यायच्या गोदामात काहीबी शिवून भेटते. कोण ऑर्डर देईन? साठ बायका बसतात मशीनवर."

"खरं हाय तुझं."

"मग?"

"बनवला तर हाय ना आपण."

"माहीत नोतं आपल्याले!"

"विचारलंच नाही, रुपराव. धोब्यानं विचारलं मले, मालक, नवा माल काहून धुऊन राहिले? मी म्हटलं, तुले काय करायचं?"

रुपरावांनी तंबाखूची डबी उघडली, बंद केली. "माय राहिली असती तर तिनं तुम्हाले थांबवलं असतं."

"थांबवलं असतं. मीही थांबलो असतो," मारोतराव कबूल झाले. "पण हो म्हणून बसलो न."

आतून कामिनी चहा घेऊन आली होती. कपबशा ठेवून ती निघून जायला हवी होती, पण गेली नाही.

"त्या बाईनं माझं लेकरू कांद्याच्या पोत्यामागं घालून आणलं," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "पकडली असती तर? तिच्या पोराले जाळायचे कपडे आपल्या गोदामात पडून हायेत, न् तुम्ही ऑर्डरीचं बोलून राहिले."

"तुले धंद्यातलं…"

"नाही समजत. चहा घ्या, गार होऊन राहिला."

ती आत गेली. रुपरावांनी चहा गार झाल्यावर बशीत ओतून प्यायला. मोठ्या भावाशी त्या रात्री आणखी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी विसर्जनाच्या वेळीसुद्धा अक्षता टाकून बाजूला झाले.

विसर्जन झालं. महालक्ष्म्यांच्या धडाच्या कोठ्या उतरल्या, शालूंच्या घड्या पेटीत गेल्या, प्रसादाची आवराआवर करता करता बायका थकून जिथे जागा मिळेल तिथे आडव्या झाल्या. दोन जावा एकाच सतरंजीवर झोपल्या होत्या. मध्ये हर्षितसाठी काढून ठेवलेल्या करंज्यांचा डबा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कावळे ओरडायच्या सुमाराला मारोतराव गोदामाकडे जाऊन आले. एरवी ते चप्पल शोधायलासुद्धा घर डोक्यावर घेत. आज त्यांनी अंघोळ केली ती बादली न वाजवता. धुतलेला पिवळा टी-शर्ट आणि कोरा हिरवा, दोन्ही घडी करून कापडी पिशवीत घातले. कोर्टाजवळचे वकील दहाला भेटणार होते. त्याआधी मनातलं सगळं जुळवून घ्यायला एखाद्या झाडाखाली बसू, असा त्यांचा विचार होता.

फाटकाशी स्कूटर उभी होती. तिच्यावर रुपराव. इस्त्रीचा सदरा घालून, केस ओले.

"एवढ्या सकाळी कुठं?" मारोतरावांनी कुजबुजत विचारलं.

"तुम्ही जाऊन राहिले तिथंच." रुपरावही कुजबुजले. "फर्मवर नाव दोघांचं हाय. एकाच्याच सहीनं तिकडचे लोक मानले नाही तर पुन्हा चक्कर."

"तू तर परवा…"

"बसा ना दादा. का पिशवी धरून इथंच भाषण देता?"

मारोतराव मागे बसायला लागले, तेव्हा रुपरावांनी मान हलवली आणि आतल्या खिडकीकडे बोट दाखवलं. इंजिनच्या आवाजाने थकलेल्या बायका उठल्या असत्या. मग रुपराव खाली उतरले, दोघांनी मिळून स्कूटर ढकलली आणि वळणापर्यंत ती तशीच, बंद इंजिनने, चालत नेली.